जगाच्या लढाया आणि आपली असई

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या परिसंवादातील भाषण)



आजच्या परिसंवादाचा विषय 'जगाच्या इतिहासाला वळण देणारी लढाई कोणती?' असा आहे, हे आमच्या घरी कळले तेव्हा जरा हसू झाले. बायकांनी हळदीकुंकू करावे, फार तर लोणच्याची कृती सांगावी. लढायांशी यांचा काय संबंध, असा त्या हसण्याचा अर्थ होता. मी काही बोलले नाही. पण मनात म्हटले की, लढाईशी बाईचा संबंध नसतो असे ज्याला वाटते, त्याने लढाई होऊन गेल्यानंतरच्या गावाचा विचारच केलेला नसतो.

माझ्या आधी तिघी बोलल्या. एकीने इसवी सनापूर्वी 490 सालच्या मॅरेथॉनची बाजू घेतली, दुसरीने 14 जानेवारी 1761 च्या पानिपतची आणि तिसरीने 1942-43 च्या स्टालिनग्राडची. तिघींनीही तयारी उत्तम केली होती. पानिपताचे नाव निघताच सभेत चुळबूळ झाली, तीही माझ्या कानांवर आली. ते दुःख आपल्या हाडीमांशी आहे. तरीही मी आज यांपैकी एकीचीही बाजू घेणार नाही. मी तुम्हांला फार लांब नेणार नाही. आपल्या जालना जिल्ह्याची हद्दसुद्धा सुरुवातीला ओलांडणार नाही.

एडवर्ड क्रीझी नावाच्या इंग्रज ग्रंथकाराने 1851 साली जगातील पंधरा निर्णायक लढायांवर एक पुस्तक लिहिले. मॅरेथॉनपासून सुरुवात आणि 18 जून 1815 च्या वॉटर्लूपाशी शेवट. त्याची कसोटी साधी होती. निकाल उलटा लागला असता तर पुढचे जग निराळे झाले असते, ती लढाई निर्णायक. कसोटी मला पटते. पण त्या पंधरांत हिंदुस्थानच्या भूमीवर झालेली एकही लढाई नाही. पानिपत नाही, 1757 ची प्लासी नाही, 1764 ची बक्सार नाही. ज्या देशाच्या जिवावर इंग्लंड श्रीमंत झाले, त्या देशातली एकही लढाई जगाला वळण देणारी ठरू नये, याचे नवल वाटते. यादी करणारा ज्या अंगणात उभा असतो, त्याच अंगणातली झाडे त्याला मोठी दिसतात. मग आपणही आपल्या अंगणात उभे राहून पाहण्यास काय हरकत आहे?

भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. तेथे 23 सप्टेंबर 1803 रोजी दुपारी लढाई झाली. एका बाजूस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा, तर दुसऱ्या बाजूस इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनच्या विरुद्ध उभा राहिला. म्हातारपणी त्याला त्याची सर्वांत उत्तम लढाई विचारली, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले, असे सांगतात.

हकीकत अशी. 21 सप्टेंबरला आपल्या बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले. दोघांनी दोन वाटांनी जायचे आणि 24 तारखेस मिळून हल्ला करायचा असे ठरले. पण 23 तारखेसच मराठ्यांची छावणी वेलस्लीच्या पुढ्यात आली. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढायचे ठरवले. त्याच्याजवळ सुमारे 4,500 कवायती फौज, शिवाय म्हैसूरकरांचे आणि पेशव्यांचे मिळून सुमारे 5,000 घोडेस्वार होते. समोर मराठ्यांची कवायती पायदळेच 10,000 हून अधिक, त्यांखेरीज हजारोंनी घोडदळ आणि शंभरावर तोफा.

मधे केळणा नदी. वाटाडे म्हणाले, येथे उतार नाही. वेलस्लीने पाहिले तो नदीच्या अल्याड पिंपळगाव आणि पल्याड वरूड अशी दोन गावे समोरासमोर दिसली. दोन गावे इतकी जवळ असतील तर त्यांच्यात जायला-यायला वाट असणारच, असे त्याने ताडले आणि तेथेच उतार निघाला. ग्रंथकारांनी त्याच्या या बुद्धीचे फार कौतुक केले आहे. माझे माहेर नदीकाठचे. आमच्या गावची अर्धी सोयरीक पलीकडच्या काठावर. धुणे, पाणी, बाळंतिणीचा डबा, सगळे त्या उतारावरून चालायचे. त्यामुळे हे वाचले तेव्हा मला हसू आले. जे ओळखल्याबद्दल सेनापतीची वाहवा झाली, ते सांगायला काठावर पाणी भरणारी कोणतीही बाई पुरली असती. पण छावणीत तिला कोण विचारणार?

नदी ओलांडून वेलस्ली बगलेवर आला. मराठ्यांच्या फौजेचे प्रत्यक्ष नेतृत्व पोलमान या जर्मन अधिकाऱ्याकडे होते. त्याने सारी रांग वळवून पुन्हा तोंड दिले, आणि हे इतक्या सफाईने केले की वेलस्लीचा अंदाज चुकला. मराठ्यांच्या गोलंदाजांनी तर कमाल केली. तोफा सोडून ते हटले नाहीत, तेथेच कापले गेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे जाताच उठून त्याच्या पाठीवर तोफा डागू लागले. वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे कामी आले. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. 98 तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. पण त्यांचेही 428 ठार, 1,138 जखमी आणि 18 बेपत्ता झाले. एवढा लाभ होणार असला तरी असे नुकसान पुन्हा पाहायला आवडणार नाही, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहिले.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबा. इंग्रजांकडचा आकडा एकेका माणसापर्यंत मोजलेला आहे. आपल्याकडचे सुमारे 1,200 रणात पडले, हा आकडा शत्रूच्या अंदाजाचा. आणि इंग्रजांकडचे म्हणजे तरी कोण? त्यांतले कितीतरी मद्रासकडचे शिपाई. शिंद्यांच्या पलटणींत उत्तर हिंदुस्थानचे पुरभय्ये. कोणाची तरी आई दोन्हीकडे वाट पाहत होती.

त्या रणात एका बाईच्या नावाची ब्रिगेडही होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेरठजवळच्या सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू. तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने आल्या होत्या. पराभवानंतर तिने इंग्रजांशी जमवून घेतले आणि 1836 मध्ये मरेपर्यंत आपली जहागीर राखली. तेव्हा लढाईशी बाईचा काय संबंध, असे विचारणाऱ्यास हेही एक उत्तर आहे.

आता क्रीझीची कसोटी लावू. असईचा निकाल उलटा लागता तर? वेलस्ली तेथे पडला असता तर वॉटर्लूला दुसरा कोणी सेनापती असता. पण नेपोलियनविरुद्ध सारा युरोप एक झाला होता. तो कोठेतरी हरलाच असता असे मला वाटते. हिंदुस्थानात काय झाले असते? असईच्या बारा दिवस आधी, 11 सप्टेंबरला, लेक या दुसऱ्या इंग्रज सेनापतीने दिल्लीजवळ शिंद्यांची फौज मोडली होती. पुढे 1 नोव्हेंबरला लासवारी, 29 नोव्हेंबरला अडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड. एकटी असई जिंकून हे सारे थांबले असते असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. आपल्या जिल्ह्याची म्हणून तिला मी उगीच मोठी करणार नाही.

मग निर्णायक काय? मला एक वर्ष मागे जावे लागते. 25 ऑक्टोबर 1802. पुण्याजवळ हडपसर. तेथे यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. यशवंतरावांच्या मनात सूड होता. त्यांचे बंधू विठोजी यांना 1801 मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. दुसरा बाजीराव पळाला तो थेट इंग्रजांकडे, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह करून त्याने त्यांची फौज आपल्या दारात आणली. पुढच्या वर्षी शिंदे-भोसले लढले तेव्हा होळकर बाजूस राहिले. 1804 मध्ये होळकर लढायला उठले तेव्हा शिंदे-भोसल्यांचे तह होऊन गेले होते. ज्यांनी एकत्र लढायचे, ते एकामागून एक लढले आणि एकामागून एक हरले.

हडपसरला कर्ज काढले. असईला त्याची वसुली झाली. माझे मत विचाराल तर हिंदुस्थानचे भवितव्य ठरवणारी लढाई हडपसरची. ती परक्याशी झाली नाही, आपसांत झाली. म्हणूनच ती कोणाच्याही यादीत नाही. घरातले भांडण चव्हाट्यावर मांडायला कोणाला आवडते?

तरीही असईला मी सोडणार नाही. कारण जगाचे सोडा, आपल्या गावाचे भवितव्य तिने ठरवले. 30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील आपला मुलूख शिंद्यांनी सोडला. त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा होता. इंग्रजांनी तो आपल्या दोस्ताला, निझामाला दिला. तहावर सह्या करणाऱ्यांना आपल्या पणज्यांची नावेही ठाऊक नव्हती. त्याच 1803-04 साली दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. फौजांनी पिके आणि वैरण खाल्ली, पावसाने दगा दिला. सेनापती पुढच्या मोहिमेवर गेले. रिकाम्या कणगीपुढे मात्र बाईच बसली होती.

तेव्हापासून जालना निझामाच्या राज्यात राहिले ते 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. म्हणजे 145 वर्षे. इकडे उर्वरित देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, आणि आपण तेरा महिने वाट पाहत राहिलो. त्या काळात रझाकारांच्या भीतीने किती घरांनी रात्रीतून गाव सोडले, किती जणींनी धान्य पुरून ठेवले! वेलस्ली जेथे मसलतीला बसला, त्याच बदनापूरच्या परिसरातील धोपटेश्वर गावच्या दगडाबाई शेळके यांनी त्या मुक्तिसंग्रामात हाती शस्त्र घेतले. 1803 मध्ये सरदारांनी जे गमावले, ते परत मिळवण्यासाठी एका शेतकरी घरातील बाई उभी राहिली. माझ्या यादीत हीही लढाई आहे.

अध्यक्षबाई, वेळ संपत आली आहे, म्हणून दोनच गोष्टी मागते.

पहिली ही की, मंडळाने एकदा असईची सहल काढावी. देवदर्शनाला आपण जातोच. एकदा केळणेच्या काठी जाऊ, जुईचा संगम पाहू आणि तेथे पडलेल्या दोन्हीकडच्या माणसांसाठी दोन मिनिटे उभ्या राहू.

दुसरी अधिक तातडीची. 1947-48 चे दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या म्हाताऱ्या आता फार थोड्या उरल्या आहेत. त्या घरात कोपऱ्यात बसून तेच तेच सांगतात, आणि आपण 'हो आजी, ऐकलंय' म्हणून स्वयंपाकघरात जातो. माझ्या आजेसासूबाईंच्या बाबतीत मी हेच केले. त्या गेल्या, आणि आज मला त्यांच्या गावाहून निघालेल्या रात्रीची हकीकत धड अर्धीसुद्धा आठवत नाही. कोण पुढे होते, लहान मूल कोणाच्या कडेवर होते, नदी कोठे ओलांडली, हे विचारायला आता कोणी नाही. असईच्या मराठी शिपायांची मोजदाद शत्रूने केली, कारण आपल्याकडे ती राखलेली नाही. आपल्या घरच्या लढायांचे तसे होऊ नये. प्रत्येकीने घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्धेपाशी वही घेऊन बसावे. पुढल्या 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, त्या वह्या येथे वाचाव्यात.

जगातील निर्णायक लढाई कोणती, याचा निकाल अध्यक्षबाई देतीलच. माझ्या तीन मैत्रिणींपैकी कोणास बक्षीस मिळाले तरी मला आनंद आहे. मला वही मिळाली तर पुरे.