रुसलेलं अक्षर

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या बारा वर्षं मी लिहिल्या. तेराव्या वर्षी पावतीपुस्तक परत केलं, तेव्हा काहींना वाटलं, हे रुसले. आज खरं कारण सांगतो.

पेन धरलं की माझी बोटं आवळली जात, मनगट आत वळे. पण त्याच हाताने मी आरतीला टाळ वाजवत होतो, मोदकाच्या कळ्या पाडत होतो. साहजिकच कचेरीत कुजबुज झाली, 'कामाची टाळाटाळ!' बँकेतून चेक परत आला, सही जुळेना. एका डॉक्टरांनी मनावरचा ताण म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. अशी चार वर्षं गेली. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी समोर बसवून लिहायला लावलं आणि नाव सांगितलं, 'रायटर्स क्रॅम्प', म्हणजे डिस्टोनियाचाच एक प्रकार.

डिस्टोनिया हा शब्द १९११ साली जर्मन डॉक्टर हेरमान ओपनहाइम यांनी दिला. एक स्नायू आखडला की त्याच्या विरुद्ध बाजूचा सैल पडायला हवा. इथे मेंदूचा निरोप बिघडतो आणि दोन्ही एकदम ओढतात. कुणाची मान वळते, कुणाच्या पापण्या मिटतात, कुणाचा आवाज अडकतो. एमआरआय पुष्कळदा स्वच्छ येतो, म्हणून लोकांना ढोंग वाटतं. विख्यात पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकात असाच अडला. पुढची कित्येक वर्षं ते डाव्या हाताने वाजवत राहिले.

हा आजार बहुधा मुळापासून जात नाही. आखडणाऱ्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात, त्याचा गुण साधारण तीन महिने टिकतो. त्यानंतर काही दिवस पकड जरा ढिली होते. जाड पेनाचाही मला उपयोग झाला.

एक विनंती. एखाद्या मुलाचं पाऊल वाकडं पडत असेल, सकाळी बरं आणि संध्याकाळी जास्त होत असेल, तर मालिश, दृष्ट यांत वेळ घालवू नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. त्यातला एक प्रकार लेवोडोपाच्या अगदी थोड्या मात्रेने विलक्षण सुधारतो. आणि कुणाचा हात अडला, तर टक लावून पाहू नका. बघणारे वाढले की हात अधिकच आवळतो.

यंदा पावत्या वहिनी लिहितात, मी शेजारी बसून पैसे मोजतो. मोजताना हात मुळीच अडत नाही!

गणपती बाप्पा मोरया!