घरच्यासाठी वेगळा वाफा: ऑरगॅनिक घ्यायचं की साधं?

आजचा भाग जरा घरगुती आहे. विषय सगळ्यांचा, पण सुरुवात आमच्या घरातून. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं बोलणं इथे लिहून दिलंय.

तर झालं असं. माझी ताई नाशिकला राहते. तिची मुलगी आठ महिन्यांची झाली, वरचं खाणं सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला. भाज्यांमध्ये विष, मुलांना काय खाऊ घालताय, वगैरे. ताई घाबरली. दुसऱ्या दिवसापासून घरात सगळी भाजी ऑरगॅनिक. अ‍ॅपवरून मागवायची, दर साधारण दुप्पट.

पण भाजीचं बजेट तेवढंच राहिलं. दोन महिन्यांनी मी तिच्याकडे गेलो तेव्हा फ्रिज उघडून बघितला. दोन गाजरं, पालकाची एवढीशी पिशवी, एक सफरचंद. ते सगळं बाळाचं. ताई आणि दाजी काय खात होते? बटाट्याची भाजी, वरण-भात, पुन्हा बटाटा. फळं तर बंदच झाली होती. ताई स्वतः अजून बाळाला पाजत होती, बरं का.

मी म्हटलं, "ताई, हे काय चाललंय?" ती म्हणाली, "अरे, निदान तिला तरी चांगलं मिळू दे."

हे वाक्य लक्षात ठेवा. आता दुसरा प्रसंग सांगतो.

मागच्या दारची वांगी

आमचं गाव निफाड तालुक्यात. थोडी द्राक्षं, बाकी टोमॅटो आणि वांगी. दिवाळीला ताई बाळाला घेऊन आली. आई भरली वांगी करणार होती, म्हणून घरामागच्या चार सऱ्यांमधून वांगी तोडत होती. ताईने सहज विचारलं, "आई, शेतात एवढी वांगी उभी आहेत, तू मागची का तोडतेस?"

आई पटकन बोलून गेली, "अगं, तिकडं कालच औषध मारलंय."

झालं. ताई ओट्यावर बसलेल्या अण्णांकडे वळली. "अण्णा, मग ती वांगी परवा मार्केटला जाणार ना?" अण्णा काही बोलले नाहीत. "ती नाशिकलाच जातात. म्हणजे मीच विकत घेते ना ती?"

मंडळी, आमच्या घरात तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, शेतकरी किती वाईट. थांबा. घरच्यासाठी वेगळा वाफा ठेवणारे आमचे अण्णा एकटे नाहीत. गावाकडचे असाल तर तुमच्याही घरी बघा. पण ते असं का करतात, हे समजून घेतल्याशिवाय ऑरगॅनिकचा प्रश्न सुटत नाही.

वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. आतून पोखरते, बाहेर फक्त एक छिद्र दिसतं. छिद्राचं वांगं मार्केटमध्ये कुणी उचलत नाही. म्हणून फवारणी. प्रत्येक औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं की फवारल्यानंतर किती दिवस माल तोडायचा नाही. त्याला काढणीपूर्व कालावधी म्हणतात. कुठल्या औषधाला तीन दिवस, कुठल्याला आठवडा, कुठल्याला त्याहून जास्त. पण वांगी तीन-चार दिवसांनी तोडावीच लागतात, नाहीतर निबर होतात. त्यात बाजारभाव चढलेला असला की थांबणार कोण? घोळ इथे होतो.

ऑरगॅनिकमध्ये खरंच काय वेगळं असतं?

आता थोडं अभ्यासाचं बोलू. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

पहिला प्रश्न, ऑरगॅनिकमध्ये जीवनसत्त्वं जास्त असतात का? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी २००हून जास्त अभ्यास एकत्र तपासले. त्यांना पोषणात ठोस फरक असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ३४३ शोधनिबंध तपासले. त्यांना ऑरगॅनिक पिकांत अँटीऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा धातू कमी आढळला. म्हणजे पोषणाच्या बाबतीत मतं एकसारखी नाहीत.

पण एका गोष्टीवर दोघांचंही एकमत झालं. ऑरगॅनिक मालात कीटकनाशकांचे अंश कमी वेळा सापडतात. ब्रिटनच्या अभ्यासात साध्या पिकांत ते ऑरगॅनिकच्या चौपट वेळा सापडले.

दुसरा प्रश्न, मग आजार टळतात का? २०१८ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त ऑरगॅनिक खाणाऱ्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण साधारण २५ टक्के कमी दिसलं. हीच बातमी फॉरवर्ड होत असते. पण त्याआधी, २०१४ मध्ये, ब्रिटनमधल्या सहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात एकूण कॅन्सरमध्ये असा फरक दिसला नव्हता. शिवाय जे ऑरगॅनिक घेतात ते बहुतेकदा भाजीही जास्त खातात, व्यायामही करतात, त्यांच्याकडे पैसाही असतो. फायदा नेमका कशाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे.

आणि आपल्याकडचं काय? केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाने २०१४-१५ मध्ये देशभरातून भाज्या, फळं, दूध, धान्य असे २०,६१८ नमुने तपासले. १८.७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश होते. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश २.६ टक्के नमुन्यांत होते. पण १२.५ टक्के नमुन्यांत परवानगी नसलेल्या कीटकनाशकांचे अंश मिळाले. म्हणजे "सगळ्या भाज्यांत विष आहे" हे खोटं, आणि "काहीच प्रॉब्लेम नाही" हेही खोटं.

अजून एक गैरसमज. ऑरगॅनिक म्हणजे फवारणीच नाही, असं नसतं. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क फवारतात. बुरशीसाठी तांब्याची औषधंही मर्यादेत चालतात. कारखान्यात बनलेली रासायनिक कीटकनाशकं आणि युरियासारखी खतं चालत नाहीत.

युरोपची द्राक्षं आणि आपली द्राक्षं

हे आमच्या निफाडचं उदाहरण आहे. २०१० साली इथली द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराईड नावाच्या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले होते. बागायतदारांना मोठा फटका बसला. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांबाबत सगळे फार सावध झाले. बागेची नोंदणी, फवारणीची वही, लॅबची तपासणी, आणि रिपोर्ट आल्यावरच माल कंटेनरमध्ये.

ही द्राक्षं ऑरगॅनिक असतात का? बहुतेक नाही. साधीच असतात. पण कुणीतरी विचारतं, "काय मारलं, कधी मारलं, किती उरलं?" आणि विचारणारा आहे म्हटल्यावर शेतकरी दिवस मोजतो.

अण्णा म्हणतात, "युरोपला जाणाऱ्या घडाची लॅबला तपासणी. नाशिकच्या मार्केटला जाणाऱ्या क्रेटला कोण विचारतो?"

ऑरगॅनिक आणि साधं यांच्या मध्ये हा एक रस्ता आहे. औषध गरजेपुरतं, दिवस पाळून, वहीत लिहून. आपण ग्राहक तो कधी मागतच नाही.

मग घरात काय करायचं?

ताईबरोबर बसून आम्ही जे ठरवलं तेच सांगतो.

पहिलं, ताट आधी भरा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. ऑरगॅनिकच्या नादात तेवढंही खाल्लं जात नसेल तर तो तोट्याचा सौदा आहे. साधी मेथी खाणं हे मेथी न खाण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

दुसरं, पैसे मोजकेच असतील तर निवडून खर्च करा. सालासकट किंवा कच्चं खाल्लं जातं, पानं आहेत, आणि बाळ रोज खातं, अशा गोष्टी आधी. द्राक्षं, पालक, टोमॅटो वगैरे. केळी, पपई, कांदा, नारळ यांची साल आपण काढतोच, तिथे दुप्पट पैसे नकोत. आणि ऑरगॅनिक बिस्किट हे शेवटी बिस्किटच असतं, त्यातली साखर कुठे जात नाही.

तिसरं, धुवा. वाहत्या पाण्याखाली चोळून. २०१७ मध्ये अमेरिकेत सफरचंदांवर एक प्रयोग झाला. खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवर लावलेली दोन कीटकनाशकं निघून गेली. लिटरभर पाण्यात साधारण दोन चमचे सोडा. पण जे आत मुरलं होतं, ते निघालं नाही. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या आतच जातात, ती कितीही धुतली तरी पूर्ण जात नाहीत. साबण किंवा भांडी घासायचं लिक्विड मात्र भाजीला लावू नका.

चौथं, दुप्पट पैसे देणार असाल तर खूण बघा. पॅकेटवर ऑरगॅनिकचा अधिकृत लोगो हवा. भारतात ऑरगॅनिक अन्नाचे नियम २०१७ मध्ये आले. प्रमाणपत्राच्या दोन पद्धती आहेत. एक एनपीओपी, ज्यात बाहेरची संस्था येऊन तपासते. दुसरी पीजीएस, ज्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेती तपासतो. "नॅचरल", "फार्म फ्रेश", "केमिकल फ्री" या शब्दांना तसं प्रमाणपत्र नसतं. आणि "गावरान" म्हणजे जात गावरान, फवारणी झाली नाही असा त्याचा अर्थ नाही. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. तिथे लोगो नसेल, तिथे माणूस ओळखायचा.

पाचवं, सीझनचं खा. आमच्या अण्णांचा अनुभव असा की शेवगा, अंबाडी, लाल भोपळा यांना फवारणी फारशी लागत नाही. पावसाळ्यात कर्टोली, टाकळा येतात. त्यांना तर कुणी औषध मारायलाच जात नाही.

आणि फवारणाऱ्याचं काय?

आपण सगळा वेळ आपल्या ताटाबद्दल बोलतो. पण ताटात येतो तो अंश. पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण औषध उडतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. त्यांनी विष खाल्लं नव्हतं. ते फक्त कामावर गेले होते.

अण्णा फवारून आले की तोंडाला बांधलेला रुमाल सोडतात, आधी अंघोळ करतात, मग डोकं दुखतंय म्हणून पडून राहतात. लहानपणापासून बघतोय. मला ते नेहमीचंच वाटायचं. त्या दिवाळीत ताई म्हणाली, "अण्णा, बाळाचं जाऊ द्या. तुमच्या अंगात किती गेलं असेल?" तेव्हा पहिल्यांदा मी त्याचा विचार केला.

अण्णा म्हणाले, "सोडायला मी आजही तयार आहे. पण मधली वर्षं कोण सांभाळणार?" त्यांचं बरोबर आहे. वांग्यासारख्या पिकाला ऑरगॅनिक प्रमाणपत्र मिळायच्या आधी साधारण दोन वर्षं जमीन बदलावी लागते, द्राक्षासारख्या बागेला तीन. त्या काळात खर्च ऑरगॅनिकचा आणि भाव साधा. उत्पन्नही घटतं. २०१२ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ऑरगॅनिकचं उत्पन्न पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्के कमी निघालं होतं.

मग आम्ही छोटं काहीतरी केलं. दहा गुंठे बाजूला काढले. तिथे निंबोळी अर्क, कामगंध सापळे, आणि अगदीच गरज पडली तर औषध, पण दिवस पूर्ण मोजून. ताईने बिल्डिंगमधल्या सात घरांना विचारलं. माझा चुलतभाऊ आठवड्यातून एकदा पिकअप घेऊन नाशिकला जातोच, त्यात दोन क्रेट.

सगळं छान झालं का? नाही. पहिल्याच आठवड्यात छिद्राची वांगी बघून दोन घरांनी नाव काढून घेतलं. अण्णांचा मालही बराच वाया गेला. पाच घरं टिकली आहेत. एका काकूंनी अण्णांना फोनवर विचारलं, "हे ऑरगॅनिक आहे ना हो?" अण्णा म्हणाले, "नाही ताई. ऑरगॅनिक म्हणू नका. शेवटची फवारणी कधी केली ते विचारा, मी तारीख सांगतो."

मंडळी, आजच्या भागातून एवढंच घेऊन जा. ऑरगॅनिक परवडत असेल तर लोगो बघून जरूर घ्या, तुमच्या पैशाने कुणाच्या तरी पाठीवरचा पंप उतरतो. परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका, साधी भाजी धुऊन पोटभर खा. आणि ओळखीचा शेतकरी असेल तर त्याला तारीख विचारा. छिद्राचं वांगं दिसलं तर ते परत ठेवू नका, तेवढं कापून टाका आणि बाकीचं घ्या.

ताईच्या फ्रिजमध्ये आता फळं परत आलीत. बाळ अण्णांची वांगी थुंकून टाकतं, तो भाग वेगळा.

तुमच्या घरी असा वेगळा वाफा आहे का? मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!