प्रोसेस मेली, नोंद उरली



भिलाईच्या पोलाद कारखान्यात 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नागपूर-भंडाऱ्याकडची कितीतरी मराठी घरं सेक्टरच्या क्वार्टर्समध्ये नांदू लागली. त्या घरांतली आजची नातवंडं कॉम्प्युटरवर बसतात. 2016 पासून भिलाईच्या नावाची आयआयटीही आहे. या मुलांच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो: युनिक्समध्ये प्रोसेस जन्मते कशी आणि मरते कशी?

डिस्कवर पडलेला प्रोग्राम म्हणजे नुसती फाइल. तो चालू झाला की प्रोसेस होते आणि तिला एक नंबर मिळतो. मात्र ही प्रोसेस फार परावलंबी असते. स्वतःच्या मेमरीत आकडेमोड तेवढी करणार. फाइल उघडायची, पडद्यावर अक्षर उमटवायचं, तर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, विचारावं लागतं. भिलाईच्या कारखान्याच्या बोरिया गेटवर पास दाखवल्याशिवाय प्लांटमध्ये सोडतात का? तसंच हे. या विचारण्याला सिस्टीम कॉल म्हणतात आणि प्रत्येक कॉलला ठरलेला नंबर असतो. आपल्या नेहमीच्या 64 बिट पीसीवरच्या, युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्समध्ये 'रीड'चा 0, 'राइट'चा 1, 'फोर्क'चा 57. प्रोग्राम तो नंबर रजिस्टरमध्ये ठेवतो, एक खास सूचना देतो, प्रोसेसर कर्नलच्या ताब्यात जातो. कर्नल तपासून काम करतो, किंवा नकार देतो.

यातला फोर्क मोठा मजेशीर. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-7 या छोट्या मशीनवर युनिक्स उभं केलं. त्यातला फोर्क असेंब्लीच्या अवघ्या 27 ओळींचा होता, असं रिचींनीच नोंदवून ठेवलंय. फोर्क केला की प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते. कॉल एकदाच केलेला, पण उत्तर दोनदा येतं: पॅरेंटला, म्हणजे मूळ प्रोसेसला, चाइल्डचा, म्हणजे प्रतीचा नंबर; चाइल्डला शून्य. मग चाइल्ड 'एक्झेक' करून आपल्या जागी दुसराच प्रोग्राम आणते.

थेट नवा प्रोग्राम का सुरू करत नाहीत? फोर्क आणि एक्झेक यांच्या मधल्या फटीत खरी गंमत आहे. तुम्ही फायलींची यादी देणाऱ्या 'एलएस'चं आउटपुट फाइलमध्ये वळवता, तेव्हा तुमची आज्ञा वाचणाऱ्या शेलची चाइल्ड त्या फटीत पडद्याच्या जागी फाइल जोडून ठेवते आणि मगच एलएस सुरू करते. बिचाऱ्या एलएसला पत्ताही नसतो. फोर्क आता कालबाह्य झालाय, अशी टीका 2019 मध्ये काही संशोधकांनी केली. मोठ्या सॉफ्टवेअरपुरती ती मला पटते. शिकायला मात्र फोर्कच हवा.

आता मरण. चाइल्ड संपली की तिची मेमरी, उघड्या फायली, सगळं कर्नल परत घेतो. पण ती कशी संपली याची नोंद तो राखून ठेवतो, पॅरेंट 'वेट' करून विचारेपर्यंत. पॅरेंटनं विचारलंच नाही, तर 'पीएस' या आज्ञेनं दिलेल्या प्रोसेसच्या यादीत तिच्यापुढे 'झेड' आणि 'डिफंक्ट' लटकत राहतं. हीच झोंबी प्रोसेस.

इथे आपली मंडळी पहिलं काय करतात? किल मायनस नाइन, म्हणजे 'मर' असा 9 नंबरचा सिग्नल! अहो, मेलेल्याला मारणार कसं? दोष पॅरेंटचा आहे. तिचा कोड सुधारा, नाहीतर तिलाच बंद करा. पॅरेंट गेली की अनाथ पोरं सहसा 1 नंबरच्या प्रोसेसकडे दत्तक जातात आणि ती त्यांचा हिशेब मिटवते.

जिवंत प्रोसेसवरही 9 चा घाव आधी घालू नये. 15 नंबरचा सिग्नल प्रोसेसला पकडता येतो; फाइल नीट बंद करून, लॉक काढून ती निघू शकते. 9 पकडताच येत नाही, त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल तशीच मागे राहू शकते. आधी 15, थोडा दम धरा, अगदीच ऐकलं नाही तर 9.

विद्यार्थी मित्रांनो, हे नुसतं ऐकून सोडू नका. लिनक्सच्या मशीनवर एलएसच्या आधी 'एसट्रेस' लिहून चालवा; प्रोग्रामचे सिस्टीम कॉल ओळीओळीनं दिसतील. पहिल्याच ओळीत 'एक्झेकव्हीई' दिसेल, शेवटाकडे 'एक्झिट ग्रुप'. एवढ्याशा एलएसनं मध्ये कर्नलला किती वेळा विचारलं, ते मोजून बघा.