आधी पाणी, मग गळ



आज जाऊ या अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात.
तिथं ओकिचोबी नावाचं सरोवर आहे.
पसारा एवढा, की पलीकडचा काठ दिसत नाही.
आणि खोली? सरासरी जेमतेम 9 फूट!

एवढ्या उथळ पाण्यात वारा सुटला, की तळाचा गाळ वर येतो.
काल नितळ असलेलं पाणी आज चहासारखं होतं.

इथं बास मासा धरायला लोक गाइड घेऊन जातात.
गाइड लगेच गळ टाकत नाही.
तो पाणी बघतो.
पुन्हा सांगते… आधी पाणी, मग गळ.

बाहेर गढूळ असलं, तर तो होडी लव्हाळ्यांत घालतो.
दाट गवतात लाटा मोडतात.
गाळ खाली बसतो.
तिथं नितळ पाण्याचा एखादा तुकडा सापडतो.

नाहीच सापडला, तर आमिष बदलायचं.
बासच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते.
तिच्यामुळे त्याला पाण्यातली थरथर कळते.
म्हणून गढूळ पाण्यात गडद रंगाचं, थरथरणारं आमिष.

काही गाइड मात्र सरळ जिवंत शायनर मासाच गळाला लावतात.
मला विचाराल, तर ही थोडी लबाडीच!

सरोवराची पातळीही बदलते.
पाणी चढलं, की बास काठच्या गवतात आत घुसतो.
उतरलं, की गवताच्या बाहेरच्या कडेला येतो.
म्हणून इथंही तेच… आधी पाणी, मग गळ.

हिवाळ्याच्या शेवटी बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतो.
गाइडचं बुकिंग तेव्हा लवकर करावं लागतं.