हिरवे पाणी आणि माशांची अंडी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात म्हणजे नीरेचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की शिरवळ. येथून खाली वीर धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. नदी वाहती असते तेव्हा तिच्यात शेवाळ नसते असे नाही. घाटाच्या दगडावर ते असतेच, आणि त्यावरून घसरलेला माणूस प्रत्येक गावात एक तरी सापडतो. पण पाणी अडले, साठले, उन्हात तापले, म्हणजे एक निराळेच शेवाळ जोर धरते. धरण असो, गावतळे असो, की अलीकडे शेतोशेती झालेली शेततळी असोत. आज त्याच्याविषयी थोडे सांगायचे आहे.

हे शेवाळ दगडाला चिकटत नाही. त्याचे लांब तंतूही नसतात. कोणीतरी हिरव्या रंगाचा डबा पाण्यात उपडा करावा तशी त्याची साय धरते. त्याच्या पेशींत वायूच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यामुळे वारा पडला की ते वर येते, आणि मंद वाऱ्याबरोबर एका काठाला जाऊन साचते. शास्त्रज्ञ याला नीलहरित शैवल म्हणतात. खरे पाहता हे शेवाळच नव्हे. जिवाणूंच्या कुळातले हे प्राणवायू सोडणारे जीव आहेत. आणि सगळेच काही दुष्ट नाहीत. भातखाचरातील याच कुळातले काही जीव हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे प्र. कु. डे यांनी १९३९ सालीच दाखवून दिले. त्यामुळे सरसकट शिव्या देण्याचे कारण नाही. पण मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती विष तयार करतात, आणि तिथे सावध राहिले पाहिजे.

ही गोष्ट नवी नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराची हकीकत ‘नेचर’ या नियतकालिकात दिली. काठाची साय प्यालेली मेंढरे, घोडी, कुत्री मेली होती. पुढे १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू गावात मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करण्यासाठी वापरलेल्या पाण्यात हेच विष होते, आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. त्या विषाचे नाव मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांचे हे एक कडे आहे, आणि ते इतके चिवट की पाणी उकळले तरी मोडत नाही! पेशीतली कामे चालू-बंद करणाऱ्या काही विकरांना ते घट्ट चिकटून बसते. मग बंद व्हायचे काम बंद होत नाही, आणि यकृताच्या पेशींचा आतला सांगाडाच कोलमडतो.

आता माशांकडे वळू. हिरव्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडे वासू लागले, की लोक म्हणतात, पाण्यात विष झालं. बहुतेक वेळा ते विष नसते. दिवसा प्राणवायू देणारे हे शेवाळ रात्री तोच प्राणवायू वापरते, आणि पहाटेपर्यंत पाण्यात काही शिल्लक राहात नाही. मोठा मासा असा गुदमरून मरतो आणि आपल्याला दिसतो. पण अंड्यातला जीव? तो मेला किंवा वाकडा निपजला, तर पाहणार कोण?

तो पाहता आला तो एका लहानशा माशामुळे. आपल्याच उपखंडातील, अंगावर निळे पट्टे असलेला, जेमतेम चार सेंटिमीटरचा हा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. हल्ली जगभरच्या प्रयोगशाळांत तो झेब्राफिश म्हणून नांदतो. याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात. एका दिवसात हृदय धडधडू लागते, दोन-तीन दिवसांत पिलू बाहेर येते, आणि हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

अशी अंडी विषारी शेवाळाच्या अर्कात ठेवली तेव्हा काय दिसले? हृदयाचे ठोके मंदावले. पिवळ्या बलकाच्या पिशवीभोवती पाणी धरून सूज आली. शेपूट वाकडे झाले. काही पिले वेळेआधी फुटली, काही उशिरा. पण एक चमत्कारिक गोष्ट अशी की, शुद्ध मायक्रोसिस्टिन पाण्यात घातले तर अंड्यावर तितका परिणाम होत नाही. अंड्याचे कवच बराच काळ राखण करते. शिवाय या विषाला पेशीत शिरायला ठरावीक दारे लागतात, ती यकृतात असतात, आणि सुरुवातीच्या गर्भात यकृत अजून व्हायचेच असते. तेच विष सुईने अंड्यात घातले तर मात्र गर्भ वाचत नाही. अख्ख्या शेवाळाचा अर्क जास्त जाचतो, कारण त्यात या एका विषाखेरीज इतरही पदार्थ असतात. म्हणून नुसते एक विष मोजून पाणी चांगले ठरवणे मला धाडसाचे वाटते.

आपल्या रोहू, कटला, मृगळ यांना निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. ते पावसाळ्यात, वाहत्या नव्या पाण्यात अंडी घालतात, आणि अंडी पंधरा-अठरा तासांत फुटतात. हिरवी साय त्या वेळी धुऊन गेलेली असते. तळ्यात ते अंडी घालीत नाहीत. म्हणूनच डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे टोचणी देऊन त्यांची वीण करून दाखवली, त्याचे एवढे महत्त्व. परंतु सायप्रिनसची अंडी साठलेल्या पाण्यात, पाणवनस्पतीला चिकटून दोन-तीन दिवस राहतात. मरळही तळ्यातच पिले वाढवते. धोका आहे तो यांना. आणि विकतचे मत्स्यजिरे ज्या तळ्यात सोडतात तिथेही आहे, कारण बलक संपून ते तोंडाने खाऊ लागले, यकृत कामाला लागले, म्हणजे कवचाचे संरक्षण राहिलेले नसते.

इथे एक चूक हमखास होते. साय दिसली की मोरचूद टाकायचे. शेवाळ मरते, पाणी निवळते, मालक खूश! पण जिवंत पेशीत कोंडलेले विष पेशी फुटल्याबरोबर पाण्यात उतरते, आणि मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायूही ओढून घेते. नेमके अशा निवळ दिसणाऱ्या पाण्यात दुसऱ्या दिवशी जिरे सोडले, तर मग बियाण्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मोरचूद मुळात माशांनाही जड जाते, ती गोष्ट वेगळीच.

त्यापेक्षा काठी घ्या आणि पाण्यात बुडवून काढा. लांब लांब दोरे लोंबले तर ते साधे शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी माखून आली, तर नीलहरिताचा संशय धरा, आणि जनावरांना त्या काठाला पाण्यावर नेऊ नका. उसाच्या फडातले खताचे पाणी आणि गावचे सांडपाणी तळ्यात येत असेल तर ते आधी वळवा, कारण त्यातले स्फुरद हेच या सायीचे खाद्य आहे. बीज सोडण्याअगोदर बारीक जाळीचा हापा तळ्यात बांधून त्यात थोडीशी पिले एक दिवस-रात्र ठेवा. पहाटे उठून पाहा. ती तळाशी निपचित पडली असतील किंवा एकाच बाजूला गिरक्या घेत असतील, तर बाकीच्या पिशव्या उघडू नका.