आप्पांची पिशवी आणि चौदा आकडे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांच्याकडे रेंजची बोंब आहे, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय.)

आज पाहुणे नाहीत, मी एकटीच आहे. विषय नावाला जरा जड आहे: इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड आणि इंटरऑपरेबिलिटी. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. मी सुरुवात एका पिशवीपासून करते.

मी पुरुषोत्तमनगरची. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारातून उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आमच्याकडे आहे. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, याच कारखान्यात नोकरी करून रिटायर झाले. आता आमच्या भागाचं एक वैशिष्ट्य सांगते. शहाद्याहून वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की खेतिया, म्हणजे मध्य प्रदेश. दुसऱ्या बाजूला नंदुरबारहून रेल्वेत बसलं की सुरत, म्हणजे गुजरात. त्यामुळे सर्दी-ताप असेल तर शहादा, पण मोठं दुखणं आलं की माणूस धुळ्याला, नाशिकला नाहीतर सुरतेला जातो. राज्य बदलतं, भाषा बदलते, दवाखाना बदलतो. न बदलता सोबत जाते ती फक्त पिशवी.

कोरोनानंतरची गोष्ट. एका पहाटे आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. शहाद्यात ईसीजी काढला, पहिला उपचार झाला आणि पुढे न्या म्हणाले. मामा सुरतेत असतात, म्हणून सुरत. तिथे अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. पाचव्या दिवशी आप्पा घरी आले. सोबत फाईल, एक सीडी आणि गोळ्यांची चिठ्ठी. आईने सगळं साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातलं आणि कपाटात ठेवलं.

चार महिन्यांनी आप्पांची दाढ दुखायला लागली. गाल सुजला. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, रक्त पातळ करायच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? स्टेंट कधी बसवला?"

आप्पा म्हणाले, "एक पांढरी आहे, एक गुलाबी."

डॉक्टर म्हणाले, फाईल आणा, त्याशिवाय मी दाढेला हात लावणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण घराला रंग द्यायला काढलेला, सामान सगळं पेट्यांमध्ये. पिशवी कुठल्या पेटीत गेली, कोणालाच माहीत नाही. सीडी तेवढी सापडली. आप्पा ती घेऊन गेले, तर दवाखान्यातल्या लॅपटॉपला सीडी टाकायची सोयच नाही!

मग शेजारच्या दाजींनी सल्ला दिला: "आठवडाभर गोळ्या बंद करा, मग दाढ काढा. आमच्या साडूने तसंच केलं होतं." आणि आप्पांनी गोळ्या बंद केल्या. स्वतःच्या मनाने.

मी पुण्यात. मला हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर कळलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: स्टेंट नवा असताना या गोळ्या अचानक बंद केल्या, तर स्टेंटमध्येच रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणजे पुन्हा हार्ट अटॅक. दाढेसाठीच काय, कशासाठीही या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नसतात.

मी आधी आप्पांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता दाताच्या डॉक्टरांना फोन लावा. मग मी सुरतेच्या हॉस्पिटलला फोन केला. उत्तर मिळालं: रेकॉर्ड विभाग सकाळी दहाला उघडेल, ओळखपत्र घेऊन नातेवाइकाला यावं लागेल. मला राग आला, पण नंतर विचार केला, त्यांचं तरी काय चुकलं? फोनवर कोणीही "मी मुलगी बोलतेय" म्हणेल. आजाराची माहिती अशी कोणालाही वाचून दाखवायची का?

शेवटी माहिती कुठे सापडली असेल? आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. डिस्चार्जच्या दिवशी मामांनी कार्डाचा फोटो टाकला होता, "आप्पा आज घरी". त्याच्यावर चार महिन्यांची गुड मॉर्निंगची फुलं साचली होती. मी बोटाने वर सरकवत सरकवत तिथे पोहोचले. फोटोत दुसरं पान अर्धं कापलेलं, पण स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं दिसत होती, हृदयाच्या डॉक्टरांचंही नाव होतं. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले. गोळ्या त्याच रात्री सुरू झाल्या आणि दाढ नंतर गोळ्या चालू ठेवूनच काढली.

आप्पा दीड दिवस गोळ्यांविना होते. काही झालं नाही. पण ते नशीब होतं, मंडळी.

आता मुद्द्यावर येऊ. शहाद्यात कॉम्प्युटर होता. सुरतेत होता, लॅबमध्ये होता, मेडिकलवाल्याकडेही होता. आप्पांची माहिती चार ठिकाणी टाईप केलेली होती. म्हणजे रेकॉर्ड इलेक्ट्रॉनिक होतंच. फक्त एका कॉम्प्युटरमधलं दुसऱ्याला कळत नव्हतं. मधली वायर कोण होतं? आप्पा. ज्यांना "एक पांढरी, एक गुलाबी" एवढंच आठवतं.

एका दवाखान्याचं रेकॉर्ड दुसऱ्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरला मिळणं आणि ते अर्थासकट समजणं, यालाच म्हणतात इंटरऑपरेबिलिटी. यातला "अर्थासकट" हा शब्द महत्त्वाचा आहे.

बघा, ऊसवाल्या भागातल्या पोरांना हे पटकन कळेल. ऊस लावला की त्याची जात सांगताना आपण "तो उंच, जाड कांड्याचा" असं सांगत नाही. आपण म्हणतो, को ८६०३२. शहाद्यात म्हणा, कोल्हापुरात म्हणा, नंबर ऐकला की समोरच्याला जात कळते. आता रक्ताच्या तपासणीचं घ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर. एक लॅब लिहिते "एचबीए१सी", दुसरी लिहिते "ग्लायको एचबी", तिसरी "ग्लायकेटेड हिमोग्लोबिन". माणसाला कळतं एकच आहे, कॉम्प्युटरला कसं कळणार? म्हणून जगभर लॅब तपासण्यांसाठी लॉइंक नावाची यादी आहे. त्यात या तपासणीचा नंबर ४५४८-४. आजारांसाठी स्नोमेड सीटी आणि आयसीडी आहेत. आणि ही सगळी माहिती कोणत्या साच्यात भरून पाठवायची, त्यासाठी एफएचआयआर नावाचं मानक आहे, उच्चार "फायर". आपल्या सरकारने हेल्थ रेकॉर्डची मानकं २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. म्हणजे कागदावर नियम बरेच जुने आहेत.

नुसते कॉम्प्युटर घेतल्याने हे होत नाही, याचं मोठं उदाहरण अमेरिका. २००९ मध्ये तिथे कायदा करून दवाखाने डिजिटल करायला अब्जावधी डॉलर दिले. कॉम्प्युटर आले. पण प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, एकाचं दुसऱ्याला कळेना, आणि दवाखाने एकमेकांना फॅक्स करत राहिले. शेवटी २०१६ मध्ये माहिती अडवून धरण्याविरुद्ध कायदा करावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, कोविनचं काय? पहिला डोस शहाद्यात घेतला, दुसरा सुरतेत, आणि सर्टिफिकेट एकच आलं. खरंय. पण तिथे सगळा देश एकाच वहीत लिहीत होता. लसीसाठी ते जमतं. तुमच्या अख्ख्या आयुष्याचं दुखणं एकाच वहीत ठेवणं धोक्याचं आहे. ती वही चोरीला गेली तर? २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले, कित्येक दिवस काम कागदावर चाललं. हे तर एका हॉस्पिटलचं झालं.

म्हणून आपल्याकडे जी योजना आली, आयुष्मान भारत डिजिटल मिशन, तिचा आराखडा वेगळा आहे. १५ ऑगस्ट २०२० ला घोषणा झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला, २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर. यात तुम्हाला मिळतो आभा नंबर, चौदा आकडी. रेकॉर्ड जिथे तयार झालं त्याच दवाखान्यात राहतं. आभा फक्त खूण आहे, की या माणसाचं काहीतरी त्या दवाखान्यात आहे. दुसऱ्या डॉक्टरला ते बघायचं असेल तर तुमच्या मोबाईलवर विनंती येते: काय बघायचंय, कशासाठी, किती दिवसांसाठी. तुम्ही हो म्हटलं तरच ते जातं. नंतर परवानगी काढूनही घेता येते.

आप्पांच्या वेळी हे चालू असतं तर? दाताच्या डॉक्टरांनी विनंती पाठवली असती, आप्पांनी बटण दाबलं असतं, डिस्चार्ज कार्ड समोर. दोन मिनिटं.

पण मी तुम्हाला जाहिरात ऐकवत नाहीये. नुसत्या नंबराने काय होतं आणि काय होत नाही, हे आमच्या तालुक्याला चांगलं ठाऊक आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं? आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. नंबर एका दिवसात हातात पडतो. त्या नंबराला जोडलेली सेवा पोहोचायला वर्षं लागतात. आभाचंही तसंच आहे. तुमच्याकडे चौदा आकडे असतील, पण दवाखान्याचं सॉफ्टवेअर मिशनला जोडलेलं नसेल तर ते आकडे रिकामे. आणि छोट्या दवाखान्यात, जिथे डॉक्टर एकटेच साठ पेशंट बघतात, तिथे टाईप कोण करणार? मग हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो चढवतात. माणूस वाचेल, तेही अक्षर लागलं तर. कॉम्प्युटरला त्यातून काही कळत नाही.

आणि आता खरी परीक्षा. आप्पांकडे निदान मुलगी होती, मामा होते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. बरीच दक्षिण गुजरातेत जातात. सोबत लहान मुलं, गरोदर बायका. आणि आमच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, मधूनच असह्य दुखतं. अंगातलं पाणी कमी झालं की त्रास वाढतो, आणि ऊसतोड म्हणजे दिवसभर उन्हात. देशात १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी होते, कार्डही मिळतं. पण एखाद्या पोराला रात्री फडावर दुखायला लागलं, तिथल्या डॉक्टरला त्याची भाषा येत नाही, कार्ड गावातल्या घरी आहे. डॉक्टरला सिकलसेल आहे हे कळलं तर उपचार एका दिशेने जातील. नाही कळलं तर तो पोटदुखीचं दुसरंच कारण शोधत बसेल. इथे दोन राज्यांच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलणं ही चैन नाही.

हे जमतं, याचा पुरावाही आहे. टीबीसाठी २०१२ पासून निक्षय नावाची प्रणाली आहे. टीबीचा पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याची नोंद तिकडे पाठवता येते, औषध पुढे चालू राहू शकतं. एका आजाराला जमलं, तर बाकीच्यांनाही जमू शकतं.

पण याच्या उलट बाजूचंही बोलू. सिकलसेल, टीबी, एचआयव्ही, मनाचे आजार. गावात कळलं की लग्नं मोडतात. माहिती योग्य डॉक्टरला मिळायला हवी आणि शेजारच्या काकूंना मिळायला नको, दोन्ही एकाच वेळी. म्हणून ती परवानगीची पायरी महत्त्वाची. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण काउंटरवर कोणी म्हटलं, "ओटीपी सांगा", आणि आपण न विचारता सांगून टाकला, तर कायदा काय करणार?

तर आज घरी गेल्यावर काय करायचं? घरातल्या मोठ्या माणसांच्या डिस्चार्ज कार्डाची सगळी पानं, कडा न कापता, स्पष्ट फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. घरातल्या दोघांकडे ते असू द्या. चालू गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, कोणतं ऑपरेशन कधी, एवढं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाईल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही. आभा काढायचा तर काढा, तो ऐच्छिक आहे, आणि नसला म्हणून उपचार अडायला नकोत. काढलात तर त्याच्या अ‍ॅपमध्ये जुने रिपोर्ट स्वतः चढवता येतात. ओटीपी देण्याआधी "कशासाठी?" विचारा. आणि दवाखान्यातून निघताना एक प्रश्न नक्की विचारा: "हे रेकॉर्ड आभाला जोडता का?" दहा जणांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळी ते जोडतील.

आप्पांची पिशवी नंतर सापडली. रंगाच्या डब्यांखाली. आप्पा अजूनही तीच घेऊन तपासणीला जातात. मी सगळं मोबाईलमध्ये घालून दिलंय, तरीही. मी एकदा म्हटलं, "आप्पा, आता कशाला पिशवी?" तर म्हणाले, "सगळे दवाखाने एकमेकांशी बोलायला लागले ना, की त्या दिवशी ठेवतो मी ही घरी."

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या घरची पिशवी कुठे आहे, ते आज बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.