शेरा मारण्यापूर्वी
(सुवर्णमहोत्सवी पालक-सभेतील भाषण)



मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात शिकवू लागलो तेव्हा एका मुलाच्या वहीवर ‘निष्काळजी’ असा शेरा आम्हीच मारला होता. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीची हकीकत तो रंगवून सांगे. पण ‘किल्ला’ हा शब्द चार ओळींत चार तऱ्हांनी लिही. शेरा वाचून वडिलांनी त्याचे क्रिकेट बंद केले. मुलगा निष्काळजी नव्हता. त्याला अध्ययन-अक्षमता आहे, हे पुढे तपासणीत कळले. त्या शेऱ्याची टोचणी अजून आहे, म्हणून हे चार शब्द.

बुद्धी चांगली, डोळे-कान शाबूत, शिकवणेही नीट. तरी वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल सतत अडखळते, ती ही अवस्था. हा आळस नव्हे, संस्कारांचा दोषही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील हा वेगळेपणा पुष्कळदा एकाच कुटुंबात अनेकांत आढळतो.

बंगळुरात तो ओळखणे अधिक कठीण. आपली मुले घरी मराठी बोलतात. शाळेत इंग्रजी, कन्नड, बहुधा हिंदीही शिकतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची, तिचा उच्चार मात्र मागून. कन्नड जोडाक्षरात दुसरे व्यंजन खाली उतरते. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात. कन्नड ‘इप्पत्तैदु’मध्ये वीस आधी. तेव्हा नवख्या मुलाच्या चुका व्हायच्याच. केवळ कन्नड अडत असेल, तर बहुधा सराव कमी आहे. परंतु नीट शिकवलेल्या प्रत्येक भाषेत तीच अडचण टिकून राहत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

‘घरातील मराठी बंद करा’ असाही सल्ला मिळतो. अनेक भाषांमुळे ही अक्षमता जडत नाही. मराठी सोडल्याने वाचन सुधारत नाही. आजी मात्र दुरावते.

तपासणीची सोय आपल्या शहरात निम्हान्समध्ये आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने या अक्षमतेस मान्यता दिली आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. यावर गोळी नाही. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालून धीराने, टप्प्याटप्प्याने शिकवणे हाच उपाय.

दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो. त्याच व्यासपीठावर तोंडी गोष्ट सांगणाऱ्या मुलालाही स्थान असावे. वहीवर शेरा मारण्यापूर्वी मुलाला एकदा बोलते करावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.